गणिताच्या गप्पा आणि ऐकणारा तिसरा

आजचा विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात आमच्या एका फजितीपासून करावी लागणार आहे. ती टाळता आली असती तर बरं झालं असतं, पण ती टाळली तर हे व्याख्यान का द्यावंसं वाटलं तेच सांगता येणार नाही.

आम्ही तत्त्वज्ञानाचे मास्तर. तर्कशास्त्र शिकवायचो. एम.ए.च्या वर्गात अनंताचा विषय निघाला की जॉर्ज कँटरचा १८९१ सालचा कर्णाचा युक्तिवाद फळ्यावर मांडायचा, हा आमचा दरवर्षीचा कार्यक्रम. ज्यांनी तो ऐकलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शून्य आणि एक यांच्यामधल्या सगळ्या दशांश संख्यांची कुणीतरी यादी केली आहे असं समजा. पहिली, दुसरी, तिसरी, अशी न संपणारी. आता पहिल्या संख्येचा पहिला अंक बघा, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा. असं तिरकं उतरत जायचं आणि दिसेल तो अंक बदलायचा. ३ असेल तर ४ लिहा, ३ नसेल तर ३ लिहा. यातून जी नवी संख्या तयार होते ती यादीत कुठेच सापडणार नाही. कारण पहिलीपेक्षा ती पहिल्या घरात वेगळी, दुसरीपेक्षा दुसऱ्या घरात वेगळी, हजारावीपेक्षा हजाराव्या घरात वेगळी. म्हणजे यादी अपुरी. कुठलीही यादी आणा, ती अपुरीच निघणार.

आम्ही खडू खाली ठेवला की वर्गात क्षणभर शांतता पसरायची. ती शांतता आम्हाला फार आवडायची, हे आज कबूल करतो.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. म्हणाला, "सर, गेल्या आठवड्यात तुम्ही सांगितलंत की सगळ्या अपूर्णांकांची यादी करता येते. एक छेद दोन, एक छेद तीन, दोन छेद तीन, अशी. मग त्या यादीतसुद्धा असंच तिरकं उतरलं तर? तिथेही यादीबाहेरची संख्या मिळणारच की. मग गेल्या आठवड्यातलं चूक, की आजचं?"

मंडळी, आमच्याकडे उत्तर नव्हतं. आणि उत्तर नाही असं म्हणायची आमची तयारीही नव्हती. आम्ही म्हणालो, "अरे, तो वरच्या गणिताचा भाग झाला. परीक्षेला नाही येत." वर्ग हसला. तोही हसला. पण पुढे वर्षभर त्यानं आमच्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही.

निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एका रात्री हा प्रश्न पुन्हा डोक्यात आला आणि झोप लागेना. आमच्या नातीनं आम्हाला संगणकावरची गणिताच्या प्रश्नोत्तरांची एक जागा दाखवून ठेवली होती. तिथे आम्ही एक टोपणनाव घेतलं आणि त्या मुलाचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. टोपणनाव का, तर उघड आहे. तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसानं हा प्रश्न आपल्या नावानं विचारायचा म्हणजे फारच झालं!

चहा होईपर्यंत उत्तर आलं होतं. उत्तर कसलं, उलटा प्रश्नच होता. "नवी संख्या तुमच्या यादीत नाही हे बरोबर. पण ती अपूर्णांक आहे, हे तुम्ही कुठे सिद्ध केलंत?"

आम्ही खुर्चीत बसूनच राहिलो. अपूर्णांक दशांशात लिहिला की एक तर तो संपतो किंवा पुढे कुठेतरी त्याच त्या अंकांचा फेरा सुरू होतो. तिरकं उतरून बनवलेल्या संख्येवर असा फेरा धरायची सक्ती कुणीच केलेली नाही. उलट, यादीत सगळे अपूर्णांक आलेले आहेत आणि नवी संख्या तर यादीत नाही. म्हणजे ती अपूर्णांक नसणारच. मुलाला वाटत होती ती विसंगती नव्हतीच. अपूर्णांक नसलेल्या, म्हणजे अपरिमेय संख्या असतात याची ती एक सुंदर सिद्धता होती! ती त्या दिवशी त्याच्या हाताशी आली होती, आणि ती आम्ही फळ्यावरच्या खडूच्या भुकटीबरोबर पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे गेलो, तर त्या उत्तराखाली आणखी कुणीतरी लिहिलं होतं, की मलाही हेच विचारायचं होतं, धीर होत नव्हता. हा माणूस कोण, कुठला, काही ठाऊक नाही. विचारणारे आम्ही, सांगणारा कुणी दुसराच, आणि हा शेजारी बसून ऐकणारा तिसरा. आजचं बोलणं या तिसऱ्याबद्दल आहे. गणिताच्या आणि विज्ञानाच्या गप्पांमध्ये त्याला बसायला जागा कधी मिळाली, कशी मिळाली, हा एक इतिहास आहे आणि तो संगणकापेक्षा पुष्कळच जुना आहे.

सतराव्या शतकातल्या फ्रान्सपासून सुरुवात करू. तिथे गणित चालायचं ते पत्रांमधून. पिएर द फर्मा हा तुलूझचा न्यायाधीश. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद आणि छापण्याचा त्याला मनापासून कंटाळा. पॅरिसला मारँ मर्सेन नावाचा एक साधू राहायचा. देकार्त, फर्मा अशा लोकांची पत्रं त्याच्याकडे यायची आणि एकाचं म्हणणं तो दुसऱ्याला कळवायचा. आपल्याकडे गावात एखादा माणूस असतो ना, ज्याला सगळ्यांच्या घरचं ठाऊक असतं, तसा. मर्सेन १६४८ साली गेला. पुढे १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, त्यातून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं. प्रश्न जुगाराचा होता. दोघांनी प्रत्येकी ३२ मोहरा लावल्या आहेत, जो आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळं मिळणार. एकाचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक, आणि खेळ मोडला. पैसे कसे वाटायचे? पास्कालचं उत्तर आहे ४८ आणि १६. पुढचा डाव पहिल्यानं जिंकला तर त्याला ६४, हरला तर बरोबरी, म्हणजे ३२. तेव्हा ३२ त्याचेच, आणि उरलेल्या ३२ मधले अर्धे त्याचे.

आम्हाला या पत्रांमधला सगळ्यात मोलाचा भाग वाटतो तो पुढचा. खेळाडू तीन झाले तेव्हा पास्कालला फर्माची रीत चुकीची वाटली आणि ऑगस्टमध्ये त्यानं तसं कळवलं. फर्मानं शांतपणे समजावून सांगितलं. ऑक्टोबरमध्ये पास्कालनं मान्य केलं, की तुमचंच बरोबर. युरोपातल्या एका अव्वल बुद्धीचं अडखळणं आणि सावरणं, दोन्ही कागदावर आहे. पण ते त्यावेळी पाहिलं किती जणांनी? त्या दोघांनी आणि पॅरिसमधल्या दोनचार मित्रांनी. तुलूझच्या एखाद्या शाळकरी पोराला त्यातलं अक्षरही दिसणं शक्य नव्हतं. तिसऱ्याला जागा होती, पण ती ओळखीवर मिळायची.

पुढच्या शतकात ही जागा पैसे देऊन मिळू लागली, आणि तीही अनपेक्षित ठिकाणी. १७०४ साली लंडनमध्ये 'लेडीज डायरी' नावाचं बायकांसाठीचं एक पंचांग निघालं. सुरुवातीला त्यात पाककृती, आरोग्य वगैरे असायचं. मग संपादकानं गणिती कोडी घालायला सुरुवात केली आणि ती वाचकांना इतकी आवडली की हळूहळू बाकीचं मागे पडलं. यंदाच्या अंकात प्रश्न, पुढच्या वर्षीच्या अंकात वाचकांची उत्तरं आणि नवे प्रश्न. म्हणजे गप्पांची एक फेरी व्हायला बारा महिने! लिहिणाऱ्यांमध्ये बायका होत्या, पुरुष होते, आणि टोपणनावांची तर रेलचेल होती. या डायरीचा एक संपादक टॉमस सिम्प्सन. क्षेत्रफळ काढायचा 'सिम्प्सनचा नियम' विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना ठाऊक असतो, तोच हा. धंद्यानं मूळचा विणकर. नंतरचा एक संपादक चार्ल्स हटन, न्यूकॅसलकडचा, लहानपणी कोळशाच्या खाणीत राबलेला आणि पुढे वूलिचच्या लष्करी अकादमीत गणिताचा प्राध्यापक झालेला. ऑक्सफर्ड-केंब्रिजचं तोंड न पाहिलेली ही माणसं. हे पंचांग याच नावानं १८४० पर्यंत चाललं. गणिताच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांत त्याला बहुधा एखादी तळटीप मिळते, आणि हा अन्याय आहे असं आम्हाला वाटतं.

टोपणनावाचा विषय निघालाच आहे, तर सोफी जेर्मेंकडे यायला हवं. ही पॅरिसची, जन्म १७७६. १७९४ मध्ये तिथे एकोल पॉलितेक्निक निघालं, पण मुलींना प्रवेश नव्हता. तिनं व्याख्यानांच्या टिपणवह्या मिळवल्या आणि तिथल्या 'लब्लाँ' नावाच्या एका विद्यार्थ्याच्या नावानं लाग्रांजकडे आपलं लिखाण पाठवलं. लाग्रांजला ते इतकं आवडलं की तो लब्लाँला शोधत गेला आणि समोर ही आली. १८०१ मध्ये गाउसचा अंकशास्त्रावरचा ग्रंथ आला. तिनं तो पचवला आणि १८०४ मध्ये पुन्हा 'मस्यू लब्लाँ' होऊन गाउसला पत्र लिहिलं. पत्रव्यवहार सुरू झाला. १८०६ च्या सुमारास नेपोलियनचं सैन्य गाउसच्या गावात, ब्राउनश्वाइगमध्ये घुसलं. आर्किमिडीजचं रोमन सैनिकाच्या हातून काय झालं ते हिच्या डोळ्यांपुढे आलं असावं. घरच्या ओळखीतल्या पेर्नेती नावाच्या सेनापतीला तिनं गळ घातली, की या माणसाला जपा. त्याचा माणूस गाउसकडे गेला आणि म्हणाला, सोफी जेर्मेंनी तुमची विचारपूस करायला सांगितलंय. गाउस म्हणाला, मी या नावाच्या कुठल्याही बाईंना ओळखत नाही!

मग सगळा उलगडा झाला. १८०७ साली गाउसनं तिला लिहिलेलं पत्र मोठ्या मनाचं आहे. बाईच्या वाटेत आपल्या रूढी किती अडथळे उभे करतात, आणि ते ओलांडून जी इथवर पोहोचली तिच्या अंगी केवढं धैर्य असलं पाहिजे, अशा आशयाचं. १८१६ मध्ये तिला पॅरिसच्या अकादमीचं पारितोषिक मिळालं, तेही कंप पावणाऱ्या पृष्ठभागांच्या गणितासाठी. पण मुखवटा उतरल्यानंतर गाउसबरोबरच्या गप्पा काही फार वर्षं चालल्या नाहीत.

आमच्या मनात नेहमी येतं, की गाउसनं 'लब्लाँ'ची पत्रं वाचली तेव्हा त्याच्यासमोर फक्त युक्तिवाद होता. चेहरा नाही, पदवी नाही, साडी की झगा की कोट, काही नाही. आपल्याकडची 'लीलावती' आठवा. भास्कराचार्य एकामागून एक सुरेख प्रश्न त्या बालेला संबोधून विचारतात. पण लीलावतीनं काय उत्तर दिलं, ती कुठे अडली, तिनं उलट काय विचारलं, यातलं एक अक्षर ग्रंथात नाही. असो. तो एका वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

आता आपल्या भागात येऊ. १९०७ साली व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या एका सरकारी अंमलदारानं गणितप्रेमी मंडळींना पत्रं पाठवून एक क्लब काढला. त्याचीच पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. संस्थेचं ग्रंथालय पुण्याला, आपल्या फर्ग्युसन कॉलेजात होतं. संस्थेच्या नियतकालिकात वाचकांनी प्रश्न घालायचे आणि वाचकांनीच सोडवायचे, असा विभाग होता. १९११ मध्ये त्यात रामानुजनचा एक प्रश्न आला. एकात एक बसवलेली, कधीच न संपणारी वर्गमुळं, त्यांची किंमत काढा. सहा महिने कुणाचं उत्तर आलं नाही. शेवटी त्यानंच सांगितलं, उत्तर ३. हार्डीला ते प्रसिद्ध पत्र गेलं जानेवारी १९१३ मध्ये. म्हणजे हार्डीच्या आधी रामानुजन बोलत होता तो या पानांवर, बहुतेक वेळा समोरून आवाज न येता.

त्याच फर्ग्युसनमधून १९२० च्या दशकात शिकून बाहेर पडलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत मास्तर. संशोधकाची पदवी नाही, विद्यापीठात खुर्ची नाही, नुसता आकड्यांचा नाद. त्यांचं ६१७४ तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर आत्ता करून बघा. चार अंकी कुठलीही संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच थांबतं. आम्ही त्यांचं जन्मसाल घेऊन पाहिलं, १९०५. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. पुढे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, आणि ६१७४. बरोबर सात! कापरेकरांच्या कामाला इथले काही विद्वान हसत असत. काही पुस्तिका त्यांनी स्वतःच छापून काढल्या. १९७५ साली मार्टिन गार्डनरनं अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि मग देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर झालं. तोवर ते सत्तरीला आले होते. इतकी वर्षं बोलायला माणूस नव्हता असं नाही, पण ज्याला हे ऐकून उलट काही सुचेल असा माणूस देवळालीत कुठून मिळणार?

इथे आमच्या विषयातल्या एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. इम्रे लाकातोश. हंगेरीतून १९५६ नंतर पळून इंग्लंडला आलेला. त्याचं 'प्रूफ्स अँड रेफ्युटेशन्स' हे पुस्तक म्हणजे एका काल्पनिक वर्गातला संवाद आहे. विषय ऑयलरचं सूत्र: घनाकृतीचे कोपरे, वजा कडा, अधिक बाजू, बरोबर २. घनाचे ८ कोपरे, १२ कडा, ६ बाजू, उत्तर २. मास्तर सिद्धता देतात, एक पोरगा मधे भोक असलेली आकृती आणून ती मोडतो, दुसरा म्हणतो ही आकृतीच नव्हे, तिसरा व्याख्या बदलायला निघतो. लाकातोशचं म्हणणं असं, की गणित असं भांडत भांडत वाढतं आणि छापताना मात्र भांडण गाळून फक्त निकाल छापतात. विद्यार्थ्याला वाटतं, हे सगळं आकाशातून पडलं. आम्ही हे पुस्तक अनेक वर्षं शिकवलं. आणि त्याच वर्षांत मागच्या बाकावरच्या मुलाला गप्प बसवलं. पुस्तक शिकवणं आणि त्यातला मास्तर होणं, या दोन गोष्टींत किती अंतर असतं बघा.

लाकातोशचा वर्ग काल्पनिक होता. २००९ मध्ये तो खरोखर भरला. केंब्रिजचे टिमथी गॉवर्स, १९९८ चे फील्ड्स पदकविजेते. त्यांनी जानेवारीच्या शेवटी जाहीर विचारलं, की पुष्कळ लोकांनी मिळून, सगळ्यांसमोर, एखादा अवघड गणिती प्रश्न सोडवता येईल का? प्रश्न होता फुली-गोळ्याच्या खेळाचाच एक अवतार. तीन बाय तीनच्या पटाऐवजी खूप मितींचा पट घ्या, त्यातला ठरावीक हिस्सा भरा. मिती पुरेशा असतील तर एक सरळ ओळ तयार होणारच, कसंही भरा. हे १९९१ मध्ये सिद्ध झालेलं होतं, पण फार दूरच्या वाटेनं. गॉवर्सना जवळची वाट हवी होती. नियम असे, की छोटंछोटं लिहा, अर्धवट कल्पना चालेल, चूक निघाली तरी चालेल. एकट्यानं कोपऱ्यात बसून सगळं पुरं करून आणू नका. काही तासांनी कॅनडातल्या एका प्राध्यापकाचं पहिलं टिपण आलं. पाव तासानं ॲरिझोनातल्या एका शाळामास्तराचं आलं. त्यानंतर तीन मिनिटांनी टेरेन्स टाओचं, म्हणजे आणखी एका फील्ड्स पदकवाल्याचं. ३७ दिवसांत २७ जणांनी मिळून सुमारे ८०० टिपणं लिहिली आणि काम फत्ते झालं. शोधनिबंध 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामायिक टोपणनावानं आला.

याचं फार कौतुक झालं. आमचं कौतुक जरा हात राखून आहे. लिहिणारे २७, आणि त्यातले बहुतेक धंदेवाईक. ती लोकसभा नव्हती, तज्ज्ञांची बैठक होती. पण बैठकीचं दार उघडं होतं, हे मात्र पहिल्यांदा घडलं. टाओ एखादी कल्पना मांडतो, ती चालत नाही, दुसरा ते दाखवून देतो, हे एखाद्या बी.एस्सी.च्या मुलीला घरी बसून, त्याच दिवशी बघता येतं. पास्कालचं अडखळणं पाहायला पॅरिसमध्ये ओळख लागत होती.

दुसऱ्या वर्षीची, २०१० ची एक गोष्ट आम्हाला याहून जवळची वाटते. गणितज्ञांच्या एका प्रश्नोत्तरांच्या जागी एका विद्यार्थ्यानं विचारलं, की गाउस आणि ऑयलर यांच्यासारख्यांनीच गणित करायचं असतं, मग माझ्यासारख्या साध्या माणसानं त्यात भर ती काय घालायची? अशा प्रश्नाला वर्गात आम्ही काय उत्तर दिलं असतं ते तुम्ही ओळखलंच असेल. तिथे उत्तर दिलं विल्यम थर्स्टननी. १९८२ चे फील्ड्स पदकविजेते, भूमितीतला फार मोठा माणूस. त्यांचा आशय असा, की गणितातून निपजतं ते स्पष्टता आणि समज, नुसती प्रमेयं नव्हेत. आणि समज जिवंत माणसांच्या समाजात राहते, एकमेकांना समजावून सांगण्यात ती टिकते. हे थर्स्टननी म्हणावं याला कारण आहे. तरुणपणी एका शाखेत त्यांनी इतक्या भराभर प्रमेयं सिद्ध केली, की बाकीची मंडळी आता इथे काही उरलं नाही म्हणून ती शाखा सोडून गेली. पुढे १९९४ मध्ये त्यांनी स्वतःच याबद्दल लिहिलं. निकाल मिळाले, पण बोलणारे निघून गेले. २०१२ मध्ये थर्स्टन वारले. त्या अनोळखी मुलाला दिलेलं उत्तर मात्र अजून वाचायला मिळतं.

आता शेवटची गोष्ट. ही ऐकून आमच्या एका मित्रानं आम्हाला वेड्यात काढलं होतं, पण ती शंभर टक्के खरी आहे. हारुही सुझुमिया नावाच्या मुलीवरची एक जपानी कार्टून मालिका आहे. पहिल्या मोसमाचे १४ भाग, आणि ते दाखवले उलटसुलट क्रमानं. मग चाहत्यांमध्ये वाद, की खरा क्रम कुठला. सप्टेंबर २०११ मध्ये 'फोरचॅन' या जागी कुणीतरी विचारलं, की १४ भाग शक्य त्या प्रत्येक क्रमानं बघायचे असतील तर कमीत कमी किती भाग बघावे लागतील? इथे युक्ती आहे. समजा तीनच भाग आहेत. क्रम सहा. वेगवेगळे बघितले तर १८ भाग होतात. पण १२३१२१३२१ असं सलग बघा. यात १२३ आहे, २३१ आहे, ३१२, २१३, १३२, ३२१, सगळे आले, आणि नऊ भागांत काम झालं. एका क्रमाचं शेपूट दुसऱ्याचं डोकं होतं. पण भाग १४ असतील तर? एका निनावी माणसानं तिथल्या तिथे सिद्धता लिहिली, की निदान ९३ अब्ज ८८ कोटी ४३ लाख १३ हजार ६११ भाग बघावेच लागतील, त्याहून कमीत भागणार नाही. आणि तो निघून गेला.

गणितज्ञांना हा प्रश्न ठाऊक होता, पण खालची मर्यादा इतकी चांगली कुणाकडे नव्हती. मधल्या काळात कुणीतरी ती सिद्धता उतरवून ठेवली, म्हणून ती वाचली. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ग्रेग इगन या ऑस्ट्रेलियन विज्ञानकथालेखकानं वरची मर्यादा शोधली, ९३ अब्ज ९२ कोटी ४२ लाख ३० हजार ४११. त्या चर्चेत ती जुनी निनावी सिद्धता पुन्हा समोर आली. काही गणितज्ञांनी ती तपासून शिस्तीत लिहून काढली आणि लेखकांच्या नावांत पहिलं नाव घातलं 'ॲनॉनिमस फोरचॅन पोस्टर'. लब्लाँचा मुखवटा तीन वर्षांत उतरला होता. हा अजून उतरलेला नाही.

पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा भाबडा आहे. ती जागा शिवीगाळीसाठी आणि बायकांबद्दलच्या घाणेरड्या बोलण्यासाठी बदनाम आहे. सोफी आज तिथे गेली असती तर तिनं पुन्हा लब्लाँच व्हायचं ठरवलं असतं. आणि सभ्य जागांचीही एक तऱ्हा असते. हा प्रश्न आधी विचारून झालाय, असं सांगून नवख्याला दारातच परत पाठवतात. आमच्या "परीक्षेला नाही" या उत्तराचंच ते भावंड आहे. गृहपाठ आयता उतरवून घेणारे असतात, ते वेगळेच.

भाषेचंही आहे. त्या मुलानं आम्हाला मराठीत विचारलं होतं. आम्ही संगणकावर विचारलं ते इंग्रजीत, कारण मराठीत विचारायला तितकी सोपी जागा आम्हाला सापडली नाही. म्हणजे आजच्या एखाद्या मुलाला कँटरपाशी अडखळायच्या आधी इंग्रजीपाशी अडखळावं लागतं. आमच्यापुरतं आम्ही इतकं केलं, की तो प्रश्न आणि ते उत्तर मराठीत लिहून काढलं आणि आपल्या या व्याख्यानमालेच्या पानावर ठेवायला दिलं. प्रश्नाखाली विद्यार्थ्याचं नाव टाकावंसं वाटत होतं. पण आडनाव आठवतं, पहिलं नाव आठवत नाही, आणि त्याला न विचारता ते छापणंही बरं नव्हे. तेव्हा नुसतं 'मागच्या बाकावरून' असं लिहिलंय. त्याखाली आत्तापर्यंत चार जणांनी लिहिलं. त्यातल्या एका बाईंनी विचारलं, की सर, तुमच्या यादीत एक छेद दोन आणि दोन छेद चार असे दोन्ही येतात, मग एकच संख्या दोनदा आली तर चालतं का? चालतं. का चालतं, ते त्यांना आम्ही लगेच सांगितलं नाही. यादीत एखादं नाव दोनदा आलं तर कुणी बाहेर राहतं का, एवढंच उलट विचारलं. दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, बरोबर होतं.

वेळ झाली, संयोजक घड्याळ दाखवताहेत. आता प्रश्न घेऊ. चिठ्ठ्या फिरवल्या आहेत, त्यावर नाव लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मागच्या रांगेपासून सुरुवात करू या.